स्वसंरक्षण आणि उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त यांसाठी बंदूक निवडताना

बंदूक घेण्याचा विचार करणाऱ्या नवख्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ‘सर्वांत चांगली बंदूक कोणती?’ असा असतो. या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही, कारण घरातल्या माणसांच्या रक्षणासाठी लागणारे हत्यार आणि कोठारातले उंदीर किंवा पिकात शिरणारी रानडुकरे यांच्यासाठी लागणारे हत्यार यांच्या गरजा पुष्कळ अंशी परस्परविरोधी आहेत. पहिल्या कामात अंतर काही पावलांचे असते, उजेड अपुरा असतो, हात थरथरत असतात आणि भिंतीपलीकडे आपलीच माणसे झोपलेली असतात. दुसऱ्या कामात लक्ष्य लहान आणि अंतर जास्त असते, नेम धरायला वेळ मिळतो, पण मागे पसरलेल्या मोकळ्या रानात कोण वावरते आहे हे दिसत नाही. दोन्ही कामांना लागू पडणारी कसोटी मात्र एकच आहे आणि बंदुकीची जात, तिची नळी, तिचे काडतूस हे सगळे त्याच कसोटीवर ठरवावे असे माझे ठाम मत आहे : नेम चुकला किंवा गोळी लक्ष्यातून आरपार गेली, तर ती कुठे जाऊन थांबेल? ज्याला आपल्या घराच्या आणि आपल्या जमिनीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर देता येते, त्याची निम्मी निवड झालेली असते.

पहिली पायरी : बंदूक हवीच आहे का, हे ठरवणे

दुकानात जाण्यापूर्वी कायदा वाचावा. परवाना कोणत्या कारणासाठी मिळतो, कोणत्या प्रकारची बंदूक बाळगता येते, किती काडतुसे साठवता येतात, ती कशी ठेवावी लागतात आणि कोणत्या प्राण्यांवर गोळी झाडता येते, हे प्रत्येक देशात वेगळे आहे, आणि काही देशांत तर प्रत्येक राज्यातही वेगळे आहे. उदाहरणार्थ, ऑस्ट्रेलियात १९९६ च्या राष्ट्रीय करारानंतर स्वसंरक्षण हे परवान्यासाठी वैध कारण मानले जात नाही, मात्र शेतीतील उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त हे कारण मानले जाते. जो प्राणी शेतकऱ्याच्या दृष्टीने उपद्रवी असतो तो वन्यजीव कायद्याच्या दृष्टीने संरक्षित असू शकतो, त्यामुळे प्राण्याचे नाव कायद्याच्या यादीत पडताळल्याशिवाय त्याच्यासाठी बंदूक निवडू नये.

त्यानंतर घरातल्या माणसांचा विचार करावा, आणि तो प्रामाणिकपणे करावा. घरात आलेली बंदूक बाहेरच्या हल्लेखोरापेक्षा घरातल्याच माणसासाठी धोकादायक ठरण्याची शक्यता खरी आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियातील हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, मालकांच्या मोठ्या अभ्यासात (२०२०) असे आढळले की ज्यांच्याकडे हँडगन नव्हती अशा पुरुषांच्या तुलनेत हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांचे बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण सुमारे ८ पट होते, आणि स्त्रियांमध्ये ते सुमारे ३५ पट होते. घरात कोणी नैराश्यातून जात असेल, दारूचे व्यसन असेल, भांडणे हातघाईवर येत असतील किंवा कुलूपबंद जागा करणे शक्य नसेल, तर बंदूक घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. मजबूत दरवाजा, चांगले कुलूप, हालचाल होताच लागणारा दिवा, धोक्याची घंटा आणि एक राखणदार कुत्रा यांनी बहुतेक घरांचे संरक्षण बंदुकीपेक्षा अधिक होते, आणि त्यात कोणाचा जीव जात नाही.

उपद्रवी प्राण्यांच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारावा. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत व्यायते, त्यामुळे दिसेल तेवढे उंदीर मारत राहिल्याने त्यांची संख्या आटोक्यात येत नाही. धान्य बंद डब्यात ठेवणे, भिंतीतली भोके बुजवणे आणि सापळे लावणे यांनी ती येते. रानडुकरांच्या कळपावर गोळी झाडली की एखादे डुक्कर पडते आणि बाकीचा कळप पांगून शेजारच्या रानात जातो, तिथून अधिक सावध होऊन परततो. अख्खा कळप एकाच वेळी अडकेल असा मोठा पिंजरा आणि चांगले कुंपण हे उपाय तिथे जास्त कामाचे ठरतात. बंदूक उरते ती या उपायांच्या जोडीला : सापळ्यात न येणारा एखादा प्राणी, कोंबड्यांवर टपलेला भक्षक, जखमी किंवा पिसाळलेले जनावर यांच्यासाठी. एवढे काम असेल तर पुढच्या पायरीकडे वळावे.

दुसरी पायरी : काम कागदावर उतरवणे

एका कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात. कोणता प्राणी, किंवा कोणता धोका. जास्तीत जास्त किती अंतरावरून गोळी झाडावी लागेल. लक्ष्याच्या मागे काय आहे. दिवसा की रात्री. आणि आवाज शेजाऱ्यांना किंवा गुरांना कितपत चालेल. अंतर डोळ्यांनी अंदाजे लिहू नये, पावले टाकून मोजावे. नवख्या माणसाला कोठारातले अंतर हमखास जास्त वाटते आणि शेतातले हमखास कमी वाटते.

तिसऱ्या गोष्टीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा. मातीचा उंच बांध किंवा टेकडीचा उतार हा गोळी थांबवणारा खरा आडोसा होय. झुडपे, पत्र्याची भिंत, लाकडी फळ्या, वाळलेले पीक हे आडोसे नव्हेत, कारण ते नजर अडवतात, पण गोळी अडवत नाहीत. क्षितिजावर उभ्या असलेल्या प्राण्यावर, म्हणजे ज्याच्या मागे फक्त आकाश आहे अशा प्राण्यावर, रायफलीची गोळी कधीही झाडू नये. दगडी जमीन आणि पाण्याचा पृष्ठभाग यांवर कमी कोनातून आदळलेली गोळी दिशा बदलून पुढे जाते, आणि .२२ इंच मापाच्या लहान रायफलीची संथ शिशाची गोळी या बाबतीत विशेष कुप्रसिद्ध आहे. ज्या जागेत एकही भरवशाचा आडोसा सापडत नाही तिथे उंचावर मचाण बांधून गोळीची दिशा जमिनीकडे वळवता येते. तेही शक्य नसेल तर त्या जागेसाठी रायफल हा पर्याय सोडून द्यावा.

तिसरी पायरी : बंदुकांच्या जाती समजून घेणे

एअर रायफल ही दाबलेल्या हवेवर चालते. तिच्या छर्ऱ्यांचे दोन आकार सर्रास मिळतात, ४.५ मिमी आणि ५.५ मिमी. पहिला सपाट मार्गाने जातो, दुसरा जड असल्यामुळे प्राण्यावर अधिक परिणाम करतो, म्हणून उंदीर-घुशींसाठी ५.५ मिमी घ्यावा. कोठारात, गोठ्यात किंवा वस्तीजवळ २०-२५ मीटरपर्यंतच्या अंतरावर लहान प्राण्यांसाठी ही नवख्याची पहिली बंदूक असावी असे मला वाटते. आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही, दारूगोळा स्वस्त, त्यामुळे सराव भरपूर होतो. ती खेळणे मात्र नव्हे. तिच्या छर्ऱ्याने डोळा जातो आणि जीवही जाऊ शकतो. स्वसंरक्षणासाठी तिचा काडीचाही उपयोग नाही.

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून वापरात आहे आणि आजही लहान प्राण्यांसाठी जगभर तेच सर्वाधिक वापरले जाते. त्याची नेहमीची गोळी अवघी २.६ ग्रॅमची असते. ससा, घूस, लहान भक्षक यांच्यासाठी ५०-७० मीटरपर्यंत ते पुरेसे आहे. त्याच्या लहान आकारामुळे आणि हलक्या आवाजामुळे लोक त्याला निरुपद्रवी समजतात, आणि इथेच मोठी चूक होते : ती गोळी दीड किलोमीटरहूनही पुढे जाऊ शकते. आवाजाच्या वेगापेक्षा संथ जाणारी काडतुसे घेतली तर गोळीचा कडाका कमी होतो आणि गुरे बुजत नाहीत. वस्तीजवळच्या कामाला ती बरी. डुक्कर, मोठे कुत्रे यांसारख्या प्राण्यांवर .२२ वापरणे क्रूरपणाचे आहे, कारण प्राणी जखमी होऊन पळतो आणि झुडपात तडफडत मरतो. .२२ च्या बहुतेक रायफलींचा चाप रिकाम्या चेंबरवर, म्हणजे काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग रिकामा असताना, वारंवार ओढू नये, कारण त्यांची पिन चेंबरच्या कडेवर आदळते; सरावासाठी प्लास्टिकची नकली काडतुसे मिळतात.

छर्ऱ्याची बंदूक, म्हणजे शॉटगन, ही दोन्ही कामांच्या मध्ये बसणारी जात आहे, म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. तिच्या नळीचे माप ‘बोअर’मध्ये सांगतात : एक पौंड शिशाचे १२ सारखे गोळे केले तर त्यांतला एक गोळा ज्या नळीत बसेल ती १२ बोअरची, आणि २० गोळे केले तर २० बोअरची. म्हणूनच आकडा वाढला की नळी अरुंद होते. १२ बोअर सुमारे १८.५ मिमी आणि २० बोअर सुमारे १५.६ मिमी असते. ४१० हा आकडा मात्र इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेला व्यास आहे. ४१० बोअर हलकी आणि कमी धक्क्याची असल्यामुळे नवख्याला सुचवली जाते, पण तिच्यात छर्रे इतके थोडे असतात की हलत्या प्राण्यावर ती कसलेल्या माणसालाच साधते.

छर्ऱ्यांच्या आकाराचा आकडाही उलटा चालतो : आकडा मोठा तर छर्रा लहान. लहान छर्रे पक्षी आणि लहान प्राण्यांसाठी असतात आणि हवेत लवकर वेग गमावतात. ते साधारण दोन-तीनशे मीटरच्या आत जमिनीवर पडतात. वस्तीजवळच्या कामात हा त्यांचा फार मोठा गुण आहे. मोठे छर्रे, ज्यांना कुठे एसजी तर कुठे बकशॉट म्हणतात, ८ मिमीच्या आसपासचे असतात आणि नेहमीच्या ७० मिमी काडतुसात त्यातले ९ मावतात. ते कित्येक शे मीटर जातात आणि प्रत्येक छर्रा म्हणजे वेगळी गोळीच असते. एकसंध गोळीचे काडतूस, ज्याला स्लग म्हणतात, ते रानडुकरासारख्या मोठ्या प्राण्यावर ५० मीटरच्या आत चालते, पण त्याला आडोशाचे सगळे नियम रायफलीप्रमाणेच लागू होतात.

नळीच्या तोंडाशी असलेला अरुंदपणा, म्हणजे चोक, छर्ऱ्यांचा फैलाव ठरवतो. सुमारे ३६ मीटरवर ७६ सेंमीच्या वर्तुळात पूर्ण चोकमधून साधारण ७० टक्के छर्रे पडतात, तर सरळ नळीतून ४० टक्के. नवख्याने हलका चोक घ्यावा, कारण त्याचे बहुतेक काम २५ मीटरच्या आत असते. हे आकडे केवळ सामान्य आहेत. आपल्या बंदुकीचा आणि आपल्या काडतुसांचा फैलाव मोठ्या कागदावर स्वतः झाडून पाहावा लागतो.

मोठ्या रायफली, ज्यांत पितळी काडतुसाच्या मधोमध पिन आदळते, त्या डुक्कर, हरणवर्गीय उपद्रवी प्राणी आणि लांब अंतर यांसाठी असतात. त्यांची गोळी तीन-चार किलोमीटर किंवा त्याहूनही पुढे जाते. ज्या नवख्याकडे मोठी जमीन, चांगला आडोसा आणि अनुभवी मार्गदर्शक यांतले काहीही नाही, त्याने या जातीकडे सध्या वळू नये.

उरले पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर. आकार लहान म्हणून ती सोपी वाटतात, पण नेम साधायला ही सर्वांत कठीण जात आहे, आणि त्याला साधे भूमितीचे कारण आहे. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या माशीतले, म्हणजे नेम धरण्याच्या दोन खुणांमधले, अंतर सुमारे १५ सेंमी असते. माशी जुळवण्यात १ मिमीची चूक झाली तर १० मीटरवर गोळी सुमारे साडेसहा सेंमी सरकते. लांब बंदुकीत ते अंतर ६० सेंमी असेल तर तीच चूक पावणेदोन सेंमीपेक्षा कमी भरते. शिवाय लांब बंदूक खांद्याला टेकते, गालाला लागते, दोन्ही हातांत स्थिर राहते. पिस्तूल फक्त मनगटांवर तोलावे लागते, आणि मनगट किंचित वळले तरी नळी शेजारच्या माणसाकडे रोखली जाते. त्यात चाप ओढताना हाताला येणारा झटका मिसळला की काय होते याची कल्पना यावी. उपद्रवी प्राण्यांसाठी पिस्तूल जवळजवळ निरुपयोगी आहे. जिथे परवाना फक्त त्याचाच मिळतो किंवा लांब बंदूक हाताळणे शारीरिकदृष्ट्या अशक्य आहे तिथेच ते निवडावे, आणि दर महिन्याला सराव करण्याची तयारी असेल तरच.

चौथी पायरी : स्वसंरक्षणाची योजना आधी, बंदूक नंतर

घरातल्या संरक्षणाबाबत एक समज फार पसरलेला आहे की छर्ऱ्याची बंदूक नेम न धरता चालते, कारण छर्रे खोलीभर पसरतात. ते पसरत नाहीत. खोलीतल्या पाच-सहा मीटर अंतरावर मोठ्या छर्ऱ्यांचा फैलाव माणसाच्या पंजापेक्षा फारसा मोठा नसतो, म्हणजे नेम धरावाच लागतो, आणि चुकलेले सगळेच्या सगळे छर्रे मागच्या भिंतीवर जातात. जिप्समच्या पातळ भिंती आणि लाकडी दरवाजे यांतून पिस्तुलाची गोळी, रायफलीची गोळी आणि मोठे छर्रे हे सर्व पलीकडे जातात. अगदी जवळून झाडलेले लहान छर्रेसुद्धा एखादी पातळ भिंत भेदू शकतात. विटा, दगड किंवा काँक्रीट यांच्या जाड भिंती असतील तर परिस्थिती बरी असते, तरीही खिडक्या आणि दारे राहतातच. म्हणून घराचा नकाशा काढून कोण कुठे झोपते हे त्यावर लिहावे आणि कोणत्या दिशेला गोळी झाडायचीच नाही त्या दिशा आधीच ठरवून टाकाव्यात.

योजना साधी असावी. संशयास्पद आवाज आला की घरातल्या सर्वांनी एका ठरलेल्या खोलीत जमावे, दरवाजा आतून लावावा, पोलिसांना फोन करावा आणि तिथेच थांबावे. बंदूक घेऊन अंधारात घुसखोराला शोधत फिरणे हा वेडेपणा आहे, कारण त्यात आपण दिसतो आणि तो दिसत नाही, आणि समोर येणारी आकृती उशिरा घरी परतलेल्या मुलाचीही असू शकते. हातात वेगळी विजेरी असावी. बंदुकीला लावलेल्या दिव्याने कोण आहे ते पाहणे म्हणजे ओळख पटण्याआधीच त्या माणसावर बंदूक रोखणे होय.

कायद्याची मर्यादाही इथेच समजून घ्यावी. बहुतेक देशांत जिवाला तत्काळ आणि खरा धोका असेल आणि दुसरा मार्ग नसेल तेव्हाच प्राणघातक बळ समर्थनीय ठरते. पळून जाणाऱ्या चोरावर गोळी झाडणे किंवा केवळ मालमत्तेसाठी जीव घेणे हे संरक्षण मानले जात नाही. आपल्या ठिकाणच्या वकिलाशी परवान्याच्या अर्जापूर्वी एकदा बोलणे हा अत्यंत योग्य खर्च आहे.

हे सर्व पाहता, ज्याला एकच परवाना मिळणार आहे आणि दोन्ही कामे करायची आहेत त्याने २० बोअरची छर्ऱ्याची बंदूक पाहावी, असा माझा सल्ला आहे. तिचा धक्का १२ बोअरपेक्षा सहसा कमी असतो, कुटुंबातल्या लहान चणीच्या प्रौढ व्यक्तीलाही ती पेलते, आणि काडतूस बदलले की तीच बंदूक पक्ष्यांपासून डुकरापर्यंत काम देते. दुनळी असेल तर आणखी चांगले : तिची नळी बिजागरीवर खाली झुकवून उघडली की ती भरलेली आहे की रिकामी हे लांबूनही सर्वांना दिसते. पंप अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे सरकवून भरायच्या बंदुकीत, जास्त काडतुसे मावतात, पण घाबरलेला नवखा माणूस ती मूठ अर्धवट ओढतो आणि काडतूस अडकते. आपोआप भरणाऱ्या बंदुका काडतुसांच्या आणि स्वच्छतेच्या बाबतीत अधिक चोखंदळ असतात, आणि काही देशांत त्यांच्यावर बंदी आहे.

पाचवी पायरी : बंदूक अंगाला बसते का ते पाहणे

आधी आपला प्रबळ डोळा ओळखावा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या एखाद्या वस्तूकडे अंगठा रोखावा आणि मग एकेक डोळा मिटून पाहावा. ज्या डोळ्याने अंगठा वस्तूवरच राहतो तो प्रबळ. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि अशा माणसाने छर्ऱ्याची बंदूक डाव्या खांद्यावरून शिकणे बहुधा श्रेयस्कर ठरते.

नंतर बंदूक पूर्ण रिकामी आहे याची विक्रेत्यासमोर स्वतः खात्री करून डोळे मिटावेत, ती खांद्याला लावावी आणि डोळे उघडावेत. नजर आपोआप माशीवर पडली पाहिजे. मान ताणावी लागत असेल किंवा दस्ता काखेत अडकत असेल तर ती बंदूक आपली नव्हे, मग ती कितीही नामांकित असो. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर साधारण ३४ ते ३७ सेंमी असते, आणि ते लहान-मोठे करून घेता येते. वजनाचा विचार करताना दुकानात दोन मिनिटे आणि बांधावर दोन तास यांतला फरक लक्षात ठेवावा. पण अतिशय हलकी बंदूकही घेऊ नये, कारण हलक्या बंदुकीचा धक्का अधिक बसतो आणि धक्क्याला घाबरलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो. शक्य असेल तर विकत घेण्यापूर्वी नेमबाजीच्या मैदानावर तीच जात भाड्याने किंवा प्रशिक्षकाकडून घेऊन झाडून पाहावी.

सहावी पायरी : जुनी बंदूक घेत असाल तर

चांगली जपलेली जुनी बंदूक नव्या स्वस्त बंदुकीपेक्षा उत्तम असते, परंतु ती बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकार कारागिराला दाखवल्याशिवाय एकही गोळी झाडू नये. नळी दारूचा दाब सोसते की नाही या अधिकृत चाचणीची नळीवरची मुद्रा तपासावी. अशा अधिकृत चाचण्यांची परंपरा जुनी आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ मध्ये स्थापन झाले. मुद्रेवरून ती नळी आजच्या धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे की फक्त जुन्या काळ्या दारूसाठी हे कळते. नळीवर लाटांसारखी सुंदर नक्षी दिसत असेल तर ती लोखंडाच्या पट्ट्या पीळ देऊन बनवलेली दमास्कस नळी असण्याची शक्यता आहे. ती भिंतीवरच शोभते.

चेंबरची लांबीही मोजून घ्यावी. पुष्कळ जुन्या बंदुकांचे चेंबर ६५ मिमीचे असते. ७० मिमीचे काडतूस त्यात सहज बसते, कारण झाडण्यापूर्वी त्याचे तोंड दुमडलेले असते. झाडल्यावर मात्र ते उलगडून नळीच्या अरुंद भागात शिरते आणि दाब धोकादायक पातळीपर्यंत वाढतो. काडतूस बसते म्हणजे ते योग्य आहे असे होत नाही. पोलादी छर्रेही जुन्या, घट्ट चोकच्या नळीत वापरू नयेत. नळी उजेडाकडे धरून आतून पाहावे : गंजाचे खड्डे, फुगवटा किंवा आत गडद कडे दिसले तर व्यवहार तिथेच थांबवावा. दुनळी हलवून पाहावी. बंद असताना नळी आणि मागचा भाग यांत खडखड जाणवू नये.

सातवी पायरी : ठेवण्याची जागा बंदुकीच्या आधी घरात यावी

भिंतीला आणि जमिनीला बोल्टने पक्की केलेली पोलादी तिजोरी हा किमान बंदोबस्त समजावा. काडतुसे दुसऱ्या कुलपात, दुसऱ्या किल्लीने ठेवावीत. किल्ली कपाटाच्या वर, गादीखाली किंवा खिळ्यावर लटकवून ठेवली तर मुलांना ती पहिल्या आठवड्यातच सापडते; म्हणून आकड्यांचे कुलूप बरे, आणि तो आकडा कोणाचीही जन्मतारीख नसावा. स्वसंरक्षणासाठी बंदूक चटकन हाती यावी ही गरज आणि मुलांच्या हाती ती पडू नये ही गरज यांत ओढाताण होते हे मान्य आहे. त्यावर तोडगा म्हणजे पलंगाजवळ पक्की बसवलेली, झटकन उघडणारी लहान तिजोरी. उशीखाली किंवा खणात भरलेली बंदूक ठेवणे हा तोडगा होऊ शकत नाही. मुलांना ‘हात लावू नकोस’ एवढे सांगून भागत नाही; मुलांचे कुतूहल उपदेशाने थांबत नाही, ते कुलपाने थांबते.

आठवी पायरी : पहिली काडतुसे आणि पहिला सराव

अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी रूढ केलेले चार नियम जगभर शिकवले जातात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे मानावे. जे नष्ट करायचे नाही त्यावर नळी कधीही रोखू नये. नेम लक्ष्यावर बसेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करावी. यांपैकी एखादा नियम मोडला तरी उरलेले नियम बहुधा अपघात टाळतात; दोन एकत्र मोडले की माणूस जखमी होतो. सेफ्टीचा खटका हे यंत्र आहे आणि यंत्र बिघडते, म्हणून त्याच्या भरवशावर नळी कोणाकडेही वळवू नये.

सरावाच्या पहिल्या दिवसापासून कान आणि डोळे झाकावेत. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज कायमचे बहिरेपण देऊ शकतो आणि जवळजवळ सर्व बंदुका ती पातळी ओलांडतात. चाप ओढूनही काडतूस फुटले नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबावे, कारण दारू उशिरा पेटू शकते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर गोळी नळीत अडकली असण्याची शक्यता असते. तेव्हा बंदूक रिकामी करून नळी आरपार पाहिल्याशिवाय दुसरी गोळी झाडू नये. एकाच पिशवीत १२ आणि २० बोअरची काडतुसे कधीही ठेवू नयेत. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते, मागून १२ बोअरचे काडतूस बसते, आणि ते झाडले की नळी फाटते. हा धोका टाळण्यासाठीच २० बोअरची काडतुसे रूढीने पिवळ्या रंगाची करतात.

शिशाबद्दल काळजी घ्यावी. सराव किंवा सफाई झाल्यावर हात साबणाने धुवावेत, तोपर्यंत काही खाऊ नये. शिशाने मारलेले प्राणी उघड्यावर टाकू नयेत. ते खाऊन गिधाडे आणि शिकारी पक्षी विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर जुलै २०१९ पासून पूर्ण बंदी आहे, आणि युरोपीय संघात पाणथळ जागांवर शिशाचे छर्रे फेब्रुवारी २०२३ पासून बंद आहेत. आपल्या नळीला चालत असतील तर तांब्याच्या गोळ्या किंवा पोलादी छर्रे पाहावेत, मात्र पोलाद कठीण पृष्ठभागावरून अधिक उसळते हे ध्यानात ठेवावे.

प्राण्यावर पहिली गोळी झाडण्यापूर्वी स्वतःची मर्यादा कागदावर ठरवावी. रायफल किंवा एअर रायफल असेल तर ज्या अंतरावरून, प्रत्यक्ष कामात जशी बसण्याची किंवा उभे राहण्याची पद्धत असेल त्या पद्धतीने, लागोपाठ दहा गोळ्या लहान चेंडूएवढ्या वर्तुळात बसतात, ते आपले कमाल अंतर. छर्ऱ्याच्या बंदुकीसाठी, ज्या अंतरावर प्राण्याच्या आकाराच्या कागदावर छर्रे दाट आणि सारखे पडतात, ते अंतर. त्यापुढचा प्राणी जाऊ द्यावा. कुंपण ओलांडताना, मचाणावर चढताना, गाडीत बसताना आणि घराच्या दारात पाऊल टाकण्यापूर्वी बंदूक रिकामी करावी, आणि खिशातली काडतुसे मोजून ती निघतानाच्या संख्येशी जुळवावीत.

पहिल्या वर्षात दुसरी बंदूक घेऊ नये. त्या काळात किती वेळा बंदूक खरोखर बाहेर काढावी लागली, किती वेळा पिंजऱ्याने किंवा कुंपणानेच काम झाले आणि सरावाला आपण किती नियमित गेलो, याची नोंद ठेवावी. तिजोरी महिनोन्‌महिने उघडली गेली नसेल आणि सरावही बंद पडला असेल, तर कायदेशीर मार्गाने बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे जमा करावी, तिच्यासोबत उरलेली काडतुसेही द्यावीत आणि जमा केल्याची पावती परवान्याच्या कागदांबरोबर जपून ठेवावी.